भांडण्याइतकी रेंज

"जरा डावीकडं. आणखी थोडी. हां, आता हलू नको," अक्का म्हणाली, आणि आमची वल्ली पोह्यांची बशी हातात धरून मोरीच्या कट्ट्यावर पुतळ्यासारखी उभी राहिली. समोर कपडे धुवायचा दगड, दगडावर तांब्या, तांब्याला टेकवलेला मोबाइल आणि मोबाइलमध्ये फिनलंड.

मोरीत कांदेपोहे करायची आमच्यात पद्धत नाही. पण माझ्या बहिणीच्या घरात रेंज मोरीतच यायची. अक्काचे यजमान नारायणराव माळवदे, म्हणजे माझे दाजी, यांनी बार्शीत घर बांधताना भिंती दीड फूट जाडीच्या करून घेतल्या होत्या. आधीच्या भाड्याच्या घरात शेजाऱ्यांची भांडणं यांना ऐकू यायची आणि यांची शेजाऱ्यांना, त्याचा दाजींनी धसका घेतला होता. नव्या घरातून आवाज बाहेर जायचा बंद झाला. पुढं मोबाइल आले तेव्हा कळलं, की आत यायचंही बरंच काही बंद झालं आहे. मोरीच्या झरोक्यातून रेंजच्या दोन दांड्या कशाबशा आत उतरायच्या. त्यामुळे त्या घरातली सगळी महत्त्वाची बोलणी पाय ओले करून होत.

मुलाचं नाव सौमित्र बगाडे. शेजारी त्याची आई, साडीवर स्वेटर घालून. मुलाकडं तीन महिने राहायला म्हणून ती तिकडं गेली होती. दोघंही आमच्याकडं पापणी न हलवता बघत होते.

वल्ली, म्हणजे वल्लरी, माझी भाची. औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर, एका दवाखान्याच्या औषधदुकानात नोकरीला, दिसायला छान, आणि तरी आधीची स्थळं एकापाठोपाठ एक परत गेलेली. कारण प्रत्येक वेळी तेच. ती समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे. स्वतःच पुरं करी, आणि बहुतेक वेळा मूळ वाक्यापेक्षा चांगलं. लातूरच्या एका स्थळाच्या काकांनी तर जाताना सांगितलं, मुलगी हुशार आहे, पण आम्हाला आमच्या घरात आम्हीही बोलायचं आहे. या वेळी अक्कानं तिला बजावून ठेवलं होतं, की पोहे दाखव, नमस्कार कर आणि तोंड मिटून उभी राहा.

दाजींनी घसा साफ केला आणि त्यांचा ठेवणीतला प्रश्न विचारला. "राग येतो का तुम्हाला?"

मोबाइलमधला सौमित्र हलला नाही. नळातून एक थेंब पडला. अक्कानं पदर सारखा केला. दाजींनी माझ्याकडं बघितलं, मी दगडाकडं. मग कुठून तरी खोलातून आवाज आला, "येतो."

दाजींचा चेहरा उजळला. "बघितलंस, विदू? थांबला. तोलला. मग बोलला. आणि खोटं नाही बोलला."

दाजींचा हा पारखायचा नियम समजायला त्यांच्या कापड दुकानात बसायला हवं. त्यांचं म्हणणं असं, की भाव सांगितल्यावर जो लगेच "छान आहे" म्हणतो तो उठून जातो. जो गप्प बसून ताग्यावर हात फिरवत राहतो, तो घेतो. या नियमावर त्यांनी डॉक्टर निवडला होता, दुकानातला नोकर निवडला होता, आणि एका निवडणुकीत मतदान केलं होतं. त्यातला नोकर तेवढा चांगला निघाला.

मी त्यांना हळूच सांगितलं, की दाजी, ते नेटवर्क आहे. आवाज उशिरा पोचतोय.

"आवाज उशिरा पोचत असेल," दाजी म्हणाले. "पण चेहरा बघ की त्याचा. चेहरा विचार करतोय."

चेहरा खरंच विचार करत होता. मोबाइलमध्ये अडकलेल्या चेहऱ्याला दुसरं काही करता येत नाही.

तिकडून त्याच्या आईनं विचारलं, की मुली, इथं फार थंडी असते, तुला सोसेल का. वल्ली तोंड मिटून राहिली असती तर ती वल्ली नव्हे. ती म्हणाली, "थंडीचं काय, स्वेटर घालू की, फक्त तुमच्यासारखा साडीवर घालणार नाही, एवढंच." अक्कानं डोळे मिटून घेतले. पण झरोक्यातल्या दोन दांड्यांना एवढं वाक्य पेललं नाही. पलीकडं पोचलं ते "थंडीचं काय, एवढंच." बगाडेबाई बराच वेळ थांबल्या, मग मान हलवली आणि मुलाला म्हणाल्या, "मोजकं बोलते."

अशा रीतीनं दोन्ही घरांना एकमेकांची माणसं पसंत पडली.

मुलगा काय करतो हे दाजी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मोबाइलच्या नेटवर्कला लागणारी यंत्रं करणाऱ्या एका कंपनीत तो होता, आणि बोटानं दाबल्यापासून गोष्ट घडेपर्यंत मध्ये जो वेळ जातो तो कमी करणं हे त्याचं काम होतं. दाजी हे थोडक्यात सांगत. "आमचे होणारे जावई तिकडं परदेशात उशीर कमी करतात." गिऱ्हाइकाला ते फार पटे, विशेषतः ज्याचं ब्लाउज शिंप्याकडं अडकलेलं असे त्या गिऱ्हाइकाला.

इथं मला माझ्या फोनबद्दल सांगायला हवं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. खर्च आणि उपयोग यांची सांगड कशी घालावी हे मुलांना समजावून सांगायचो, आणि त्याच वर्षी मी एक फाइव्ह-जी फोन घेतला. माझी बायको हेमा त्याला फोन म्हणत नसे, "आपला न आलेला फ्रीज" म्हणे. कारण त्या वर्षी बार्शीत फाइव्ह-जी उतरलं होतं ते फक्त एस्टी स्टँडपाशी. स्टँडपासून लांब गेलं की माझा भारीतला फोन इतरांच्या फोनसारखाच गोल गोल चक्र दाखवत बसायचा. कुणी घरी आलं आणि नेटचा विषय निघाला की हेमा सांगे, "यांचं नेट मजेत आहे. स्टँडवर राहतं."

मी संध्याकाळी फिरायला म्हणून स्टँडवर जात असे. तिथं बाकावर बसून नेटचा वेग मोजायचो. आकडा असा यायचा की छाती भरून यावी. मग घरी यायचो. त्या वेगानं दुसरं काही करून बघावं असं अनेकदा मनात आलं, पण तेवढ्या घाईनं बघावं असं माझ्या आयुष्यात काही नव्हतं.

एक दिवस वल्ली माझ्याकडं आली. हेमा भिशीला गेली होती. वल्लीनं स्वतःच चहा टाकला आणि म्हणाली, "मामा, येत्या रविवारी सुपारी फुटतीय. आणि हा माणूस कसा आहे ते मला अजून कळलेलं नाही."

मी म्हटलं, चांगला दिसतोय की. दाजींना पसंत आहे.

"बाबांना तर भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी ते विचार करतंय असं वाटेल. मला त्याच्याशी भांडून बघायचंय, मामा. या नेटवर्कवर भांडताच येत नाही."

मला आधी नीटसं कळलं नाही. तेव्हा तिनं गॅस बारीक करून समजावून सांगितलं. सुपारी ठरल्यापासून दोघं रोज बोलत होते. कुठं, तर घरात, सगळ्यांसमोर, मोरीत. लग्नाआधी पोरीनं फोन घेऊन गावभर हिंडायचं नाही ही दाजींची शिस्त. बाहेर कुठं चोरून बोलावं तर संध्याकाळी तालुक्यातली सगळी पोरं क्रिकेट लावायची आणि गावातलं नेट झोपायचं. मोरीत ती त्याला एखादा टोमणा मारायची. तो पोचेपर्यंत तो तिच्या मागच्या विनोदाला हसत असायचा. मग तिला वाटायचं, वा, टोमणा मारला तरी हसतो, मोठ्या मनाचा आहे. तेवढ्यात ती "जेवलास का" विचारायची, आणि टोमण्याचं उत्तर या प्रश्नावर येऊन आदळायचं. मग तिला वाटायचं, किती उद्धट आहे.

"आम्ही एकमेकांशी बोलतच नाही," ती म्हणाली. "एकदा तो बोलतो, एकदा मी बोलते. आकाशवाणीची दोन केंद्रं असावीत तसं. मला एकदा त्याच्याशी नीट भांडू दे. भांडण जमलं तर लग्न करीन. नाही जमलं तर रविवारी बाबांना स्वतः नाही म्हणून सांगीन."

 एवढ्या दिवसांत माझ्या फोनचा कुणाला उपयोग व्हावा अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. मी म्हटलं, "चप्पल घाल."

स्टँडवर वैरागच्या गाडीची माणसं बसली होती. माझ्या नेहमीच्या बाकावर एक पेरू विकणारी बाई टोपली मांडीवर घेऊन बसलेली. आम्ही तिच्याशेजारी बसलो. मी फोन काढला. दांड्या सगळ्या भरलेल्या. मला उगाचच कुणी तरी बघावं असं वाटलं. वल्लीनं फोन लावला आणि सौमित्र आला.

म्हणजे खरोखर आला. इतके दिवस मोरीत जो दिसायचा तो चिखलातून काढलेल्या मूर्तीसारखा माणूस. इथं त्याच्या हनुवटीखाली दाढी करताना राहिलेला एक केस मला दिसला. आई भाजी आणायला गेलीय, असं तो म्हणाला, आणि वल्लीही त्याच क्षणी काही म्हणाली. दोघं थांबले. पुन्हा दोघं एकदम बोलले. पुन्हा थांबले.

"तू बोल," तो म्हणाला.

"माझ्या नोकरीचं मला–"

"परवाना लागतो इकडं, परीक्षा द्यावी–"

"परीक्षेचं माहीत आहे मला, मी विचारत होते की–"

"की तोपर्यंत काय करायचं, तेच तर सांग–"

"तू माझं वाक्य पुरं करू नकोस."

"तूच माझं केलंस आत्ता."

मी फोनकडं बघितलं, मग वल्लीकडं. दाजींचा तोलून बोलणारा जावई हा होता. त्याला वाक्याचं शेपूट धरायची घाई झालेली, आणि हिला त्याच्या आधी ते पकडायची.

पुढं जे झालं त्याला मराठीत भांडण याशिवाय शब्द नाही. तोपर्यंत तू आराम कर असं मी सांगितलं होतं, तो म्हणाला. मला असं कधीच ऐकू आलेलं नाही, ती म्हणाली, आणि आराम कशासाठी, मला काय टायफॉइड झालाय का. तो म्हणाला, तू 'बरं' म्हणाली होतीस. ती म्हणाली, ते बरं मी तू पोह्यांचं विचारलंस त्याला म्हटलं होतं. मग पोह्यांचं निघालं. त्यात साखर असावी की नसावी यावर दोघंही इतक्या जोरात बोलले की पेरूवाली बाई टोपलीवरचं फडकं सारून पुढं वाकली.

"पोरी, सोडू नको त्याला," ती म्हणाली.

वैरागच्या गाडीचा कंडक्टर, शिरसट, तिकीट मशीन गळ्यात अडकवून येऊन उभा राहिला. तो थोडा वेळ ऐकत होता. मग फोनमध्ये डोकावून म्हणाला, "साहेब, तिचं पुरं तरी होऊ द्या." सौमित्र म्हणाला, तुम्ही कोण? शिरसट म्हणाला, मी गाडी थांबवून उभा आहे, तो.

मला वाटलं, संपलं. रविवारची सुपारी, अक्कानं आणलेली साडी, सगळं एस्टी स्टँडच्या बाकावर संपलं, आणि माझ्याच फोनवर. वल्लीचे कान लाल झाले होते. एका वाक्याच्या मध्येच सौमित्र अचानक थांबला.

"तू इतकी बोलतेस?" तो म्हणाला.

"तू इतका मध्ये बोलतोस?"

"आईला वाटतं, तू मोजकं बोलतेस. या एकाच गुणावर तिनं तुला पसंत केलंय. आधीची एक मुलगी तोंडाळ म्हणून नाकारली होती तिनं."

"बाबांना वाटतं, तू तोलून बोलतोस. तेवढ्यावरच त्यांनी–"

"म्हणजे त्यांनी त्या मोरीतल्या–"

"हो. मोरीतल्या नेटवर्कला मुलगी दिलीय."

आणि दोघं हसले. दोघंही एकाच गोष्टीला, एकाच वेळी. एवढ्या दिवसांत असं एकदाही झालं नव्हतं. तोवर त्यांच्यातलं एक कुणीतरी नेहमी मागच्या गोष्टीला हसत असे. शिरसटनं सुटकेचा श्वास सोडला, घंटी वाजवली आणि गाडी काढली. पेरूवालीनं वल्लीला एक पेरू दिला आणि पैसे घेतले नाहीत.

फोन माझ्या हातात आला तेव्हा मी संधी सोडली नाही. मी त्याला विचारलं, की अहो, तुम्ही यातले आहात म्हणून विचारतो, एवढं वेगवान नेट साध्या माणसाला खरंच लागतं का. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "मामा, कंपनीत आम्ही सांगतो की लांबून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. खरं सांगू का, बहुतेक लोक मांजराचा व्हिडिओ क्षणभर आधी बघतात. बस. आज पहिल्यांदा मला वाटलं की मी काहीतरी कामाचं करतोय."

ठरलं असं, की सुपारी फुटेपर्यंत थोरल्यांना काही कळू द्यायचं नाही. "तोवर सगळं मोरीतच होऊ दे," सौमित्र म्हणाला. रविवारी दोघांनी दोन दांड्यांवर शोभून दिसायचं, आणि मग लग्न कुणी थांबवू शकणार नाही. पण मोरीत जमलं नाही तर दोन्हीकडून नकार येणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

रविवारी सकाळीच अक्काचा निरोप आला. करमाळ्याहून मुलाचे मामा नारळ आणि साडी घेऊन येणार आहेत, त्यांना मोरीत कसं बसवायचं, तेव्हा कार्यक्रम पुढच्या खोलीत करू. मी म्हटलं, तिथं रेंज नाही. अक्का म्हणाली, आता येते की. बोळाच्या तोंडाशी लॉजच्या गच्चीवर नवा टॉवर लागलाय, कालच चालू झाला, फाइव्ह-जी का काय म्हणतात ते. "विदू, तुझा तो भारीतला फोन घेऊन ये."

मी त्या फोनसाठी इतके दिवस बोलणी खाल्ली होती. स्टँडवरून तो एक पाऊल हलावा म्हणून वाट बघितली होती. आणि तो हलला तो नेमका त्या दिवशी.

जाण्याआधी मी फोनची सेटिंगं उलटीपालटी करून, नेट मुद्दाम हळू करायची जागा शोधून काढली आणि करून ठेवलं. अक्काच्या पुढच्या खोलीत सगळे बसले. दाजी कोचावर, शेजारी करमाळ्याचे मामा, अक्का दाराशी, वल्ली पाटावर, हेमा माझ्यामागं. ताटात नारळ, सुपारी, अडकित्ता. फोन लागला. सौमित्र आणि त्याची आई धूसर दिसू लागले, अर्धवट हललेले. मला हायसं वाटलं.

"थांबा," हेमा म्हणाली. "यांनी काहीतरी बंद करून ठेवलंय." फाइव्ह-जीला आयुष्यात एक चांगला शब्द न काढलेल्या माझ्या बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि परत ताटाला टेकवला. "हं. आता बघा."

आता बगाडेबाईंच्या स्वेटरची वीण मोजता येत होती.

सौमित्रला तात्काळ कळलं. त्याचं कामच ते. त्याचे डोळे क्षणभर मोठे झाले, मग त्यानं ओठ घट्ट मिटले. दाजींनी विचारलं, जेवण झालं का? सौमित्रनं वर छताकडं बघितलं. श्वास घेतला. श्वास सोडला. उशीर कमी करण्यासाठी परदेशात नेमलेला माणूस हातानं उशीर तयार करत होता, आणि त्याला प्रमाण माहीत नव्हतं. तो इतका वेळ थांबला की करमाळ्याच्या मामांनी मला हळूच विचारलं, बरं नाही का त्याला? मग तो म्हणाला, "झालं."

तिकडून बगाडेबाईंनी वल्लीला विचारलं, की आज काय केलंस? वल्लीनं भूमितीचा सिद्धांत आठवावा तसं भिंतीकडं पाहिलं. "पुरणपोळी," ती शेवटी म्हणाली, आणि एवढ्या थोड्यात थांबल्यामुळं तिला ठसका लागला.

असं बराच वेळ चाललं. दाजी एकदा सौमित्रकडं बघत, एकदा वल्लीकडं. त्यांचा हात नकळत कोचाच्या कापडावर फिरत होता. करमाळ्याचे मामा म्हणाले, मग फोडू या का सुपारी? अक्कानं अडकित्ता उचलला.

"एक शेवटचं विचारतो," दाजी म्हणाले. "नंतर आम्हाला बोल नको. आमची मुलगी तशी गुणी आहे, पण तोंडानं जरा–"

"चालेल," सौमित्र म्हणाला.

वाक्य पुरं झालं नव्हतं. शब्द इतक्या चटकन आला, की दाजींचं तोंड 'जरा' वर उघडंच राहिलं. सौमित्रनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, पण तो दिसला तोही तितक्याच चटकन. अक्काच्या हातातला अडकित्ता हवेत. भाव सांगायच्या आत जो बोलतो तो उठून जातो, हा त्या घरातला कायदा होता, आणि खोलीतल्या प्रत्येकाला तो पाठ होता.

दाजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा घातला.

"तागा उलगडायच्या आधीच जो 'बांधा' म्हणतो," ते सावकाश म्हणाले, "तो दोन प्रकारचा असतो. एक तर येडा असतो." ते थांबले. "नाहीतर त्यानं माल आधीच येऊन बघितलेला असतो. मी दुकानात नसताना." मग त्यांनी मान वळवली. "विदू, परवा शिरसट कंडक्टर शर्टाचं कापड घ्यायला आलता. सांगत होता, वैरागची गाडी उशिरा सुटली."

मी अडकित्त्याकडं बघत राहिलो.

"मी काय ताग्यातलं कापड आहे का?" वल्ली म्हणाली.

"ती काय ताग्यातलं कापड आहे का?" फिनलंडहून सौमित्र म्हणाला.

दोन्ही वाक्यं एकावर एक अशी पडली, की मध्ये दोरा घालायला जागा राहिली नाही. दाजी काही वेळ ते ऐकत असल्यासारखे बसले, वाक्यं संपून गेली तरी. मग ते फोनकडं वळले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आमची मुलगी ही अशी आहे. आतापर्यंत मोरीत होती म्हणून तुम्हाला कळलं नाही. आता तुम्ही सांगा."

बगाडेबाई थांबल्या. हे थांबणं खरं होतं. त्यात टॉवरचा काही दोष काढता आला नसता. त्यांच्या नाकातल्या चमकीवर उजेड हलला तोही आम्हाला दिसला. वल्ली पाटाची कड घट्ट धरून बसली होती. 

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तीन महिने झाले मी इथं येऊन. यानं माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही नाही म्हणाल, म्हणून मीच याला सांगत होते की मोरीतच बरं आहे बाबा, मोरीतच बोल." त्यांनी स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले. हसत होत्या की काय ते एवढ्या स्वच्छ चित्रातही कळलं नाही. "हिला म्हणावं, याचं प्रत्येक वाक्य तोड. मी एकटी पुरत नाही."

"आई, मी कधी तुझं–" सौमित्र म्हणाला.

"बघा," वल्ली आणि बगाडेबाई म्हणाल्या.

अक्कानं कुणाला न विचारता सुपारी फोडली.

सौमित्र फिनलंडहून परत आला, आणि आज ती दोघं पुण्यात असतात. भिंती पातळ आहेत, आणि शेजाऱ्यांची तक्रार नाही, कारण शेजारीही तसेच आहेत. त्या रविवारी जेवणं झाल्यावर करमाळ्याचे मामा पानाला चुना लावत होते, तेव्हा दाजींनी ताटाला टेकवलेला माझा फोन उचलला, उलटा करून पाहिला, काचेवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा तिथंच ठेवून म्हणाले, "विदू, तुझ्या फोनचा उपयोग झाला म्हणायचा शेवटी."

मी काही बोलायच्या आत हेमानं माझं वाक्य पुरं केलं.

"एकदा," ती म्हणाली.